सहा पाहुणे, दोन न्हाणीघरं: दापोलीच्या किनाऱ्यावरचं एक घर भाड्याला लावताना

घर दापोली तालुक्यातलं, आंजर्ल्याच्या बाजूला, समुद्रापासून चालत सहा-सात मिनिटांवर. चिरेबंदी. पुढे ओटी, मधे माजघर, त्याला लागून दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि पडवी, परसात विहीर. भोवती माड-पोफळीचं आगर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मागच्या अंगाची कौलं उडाली, तिथे रंगीत पत्रा आला. मालक पुण्यात. गणपतीला सगळं कुटुंब येतं, मे महिन्यात पंधरा दिवस येतं, एरवी घर बंद. बंद घर कोकणात फार लवकर म्हातारं होतं, म्हणून उरलेले महिने ते सुट्टीसाठी भाड्याने द्यायचं ठरलं. किल्ली, झाडलोट आणि सांगितलं तर जेवण शेजारच्या वहिनींकडे.

क्षमता सहा जणांची: दोन खोल्यांत दोन डबल बेड, माजघरात दोन गाद्या. प्रत्येक खोलीला एक न्हाणीघर-संडास.

पहिली सजावट फोटो डोळ्यांपुढे ठेवून झाली. आतल्या भिंतींचा गिलावा खरवडून चिरा उघडा केला. आठ इंची स्प्रिंगच्या गाद्या, खाली सामान ठेवायचे बंद कप्पे. पार्टिकल बोर्डची तीन दारी कपाटं. ओटीवर जमिनीलगतचा सोफा. भारी, जाड, शुभ्र टॉवेल. दोन्ही न्हाणीघरांत १५ लिटरचे गीझर. एका खोलीत दीड टनाचा एसी. घर सुंदर दिसत होतं, बुकिंगही आली.

नाताळ ते मे अशा पहिल्या हंगामात पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय बाजूला काढून वाचले तर एक गोष्ट ठळक दिसते. घर छान नाही असं कुणीच म्हटलेलं नाही. तक्रारी ठरावीक वेळांच्या आहेत: पोचल्यावरचा पहिला अर्धा तास, सकाळी आंघोळीची वेळ, वीज गेलेली दुपार, समुद्रावरून परतल्यावरची संध्याकाळ. म्हणून दुसऱ्या हंगामाआधी खोलीवार यादी न करता पाहुण्याचा दिवस तासातासाने मांडला आणि प्रत्येक तासाला हाताला काय लागतं ते पाहिलं. बहुतेक दुरुस्त्या त्यातून निघाल्या.

दुपारी एक: गाडीतून उतरल्यावर

पुण्याहून ताम्हिणीमार्गे दापोली म्हणजे थांबे धरून सहा तास. गाडीत आजी-आजोबा, एक झोपलेलं मूल, एक उलटी झालेलं मूल. अशा मंडळींना सर्वांत आधी संडास लागतो, मग प्यायचं पाणी, मग टेकायला जागा, मग फोनला चार्जिंग. स्वागताचं सरबत त्यानंतर.

टेकायला जागा होती, पण ती जमिनीलगतच्या सोफ्याची, बैठकीची उंची ११ इंच. साठीपुढचा माणूस त्यात बसतो, पण हाताला धरून उठवावा लागतो. बैठक १७ ते १८ इंच हवी आणि दोन्ही बाजूंना हात हवेत, म्हणजे रेटा देऊन उठता येतं. सोफा विकून टाकला. त्याच्या जागी जुन्या बाजारातल्या चार सागवानी हाताच्या खुर्च्या आणि एक लांब बाक आला. फोटोत खुर्च्या साध्या दिसतात. दिसोत.

पिण्याच्या पाण्याला आधी आरओ बसवला होता. दहा-दहा दिवस बंद राहणाऱ्या घरात तो बाद होतो: साठलेल्या पाण्याला वास येतो, पडदा खराब होतो, शिवाय विहिरीच्या गोड पाण्याला त्याची गरजही नव्हती. आता २० लिटरचे दोन सीलबंद जार, एक ओटीजवळ आणि एक स्वयंपाकघरात. पाहुण्याला सील स्वतः फोडताना दिसतं, त्यामुळे ‘पाणी कुठलं?’ हा प्रश्नही मिटतो. जोडीला झाकणाचे स्टीलचे तांबे प्रत्येक खोलीत.

चार्जिंगसाठी एका खोलीत एकच प्लग, तोही कपाटामागे. पाहुणे पलंग ओढून तिथवर नेत, फरशीवर ओरखडे त्याचेच. पलंगाच्या दोन्ही बाजूंना, गादीच्या वर सहा इंचांवर, प्रत्येकी एक प्लग आणि दिव्याचं एक बटण बसवलं. दिव्याचं बटण दुहेरी जोडणीचं, म्हणजे दाराशी लावलेला दिवा पडल्यापडल्या बंद होतो. अख्ख्या घरात सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त शाबासकी मिळवलेलं काम हेच असावं.

कपाटांचंही तसंच. दोन रात्रींसाठी आलेलं कुटुंब कपडे कपाटात लावत नाही, बॅग उघडी टाकून त्यातूनच काढतं. त्याला बॅग ठेवायला गुडघ्याएवढ्या उंचीचा बाक लागतो आणि भरपूर खुंट्या. आता एका खोलीत आठ पितळी खुंट्या आहेत, त्यातल्या तीन मुलांच्या हाताला येतील अशा साडेतीन फुटांवर. तीन दारी कपाट एकच ठेवलं, तेही मालकांच्या सामानासाठी, कुलूप लावून. गणपतीची भांडी, समया, घरची अंथरुणं त्यात.

सकाळी साडेसहा: गरम पाणी

फेब्रुवारी ते एप्रिल या भागात ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. वेळासच्या कासव महोत्सवाला लोक जसे जातात तसे आंजर्ल्यालाही येतात. पिल्लं सोडायची वेळ सकाळची नाहीतर संध्याकाळची. म्हणजे पाहुणे अंधारात उठतात, चहा पिऊन किनाऱ्यावर जातात आणि साडेसातला सगळेच्या सगळे एकदम आंघोळीला परततात. घराची खरी परीक्षा या तासाला होते.

१५ लिटरच्या गीझरचं गणित मांडून बघा. टाकीतलं पाणी २५ अंश, गीझरमध्ये ६० अंश, अंगावर घ्यायचं ४० अंश. विसणासकट एकूण ३५ लिटर पाणी तयार होतं, म्हणजे १८ लिटरच्या जेमतेम दोन बादल्या. तिसऱ्याने थांबायचं. किती? २ किलोवॅटच्या कॉइलला १५ लिटर पाणी २५ वरून ६० वर न्यायला विजेचा पूर्ण दाब असेल तर १८ मिनिटं लागतात. पण सकाळी सगळ्या वाडीचे गीझर आणि पंप सुरू असताना दाब १९० व्होल्टवर येतो. कॉइलची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे २३० ऐवजी १९० व्होल्टला ती ६८ टक्के उरते आणि १८ मिनिटांची २७ होतात. तीन माणसांच्या न्हाणीघरात तिसरी आंघोळ अर्धा तास लांबली की ‘गरम पाणी मिळत नाही’ असा अभिप्राय लिहिला जातो. गीझर बिघडलेला नसतोच.

दोन्हीकडे २५ लिटरचे गीझर बसवले. त्यांतून ५८ लिटर, म्हणजे तीन बादल्या सलग निघतात. तापायला पूर्ण दाबाला अर्धा तास, कमी दाबाला पाऊण तास. म्हणून टायमर लावला: एक गीझर पहाटे साडेपाचला, दुसरा सव्वासहाला सुरू होतो. एकदम लावत नाहीत, कारण विजेचा बोजा. दोन गीझर ४००० वॅट, एसी १६००, चहाची इलेक्ट्रिक किटली १५००. बेरीज ७१००, म्हणजे ३१ अँपिअर. मुख्य एमसीबी, म्हणजे बोजा वाढला की वीज तोडणारी कळ, ३२ चा. त्यात कुणी इस्त्री लावली की अख्खं घर बंद. पहिल्या हंगामात हे वारंवार झालं आणि दर वेळी वहिनींना हातातलं काम टाकून धावत यावं लागलं. आता एसीवाल्या खोलीत सगळं एकदम लावू नये अशी पाटी आहे, मंजूर भार वाढवून घेतला आहे, गीझरला ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर आहे आणि मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारी कळ. ओल्या हातांच्या, ओल्या भिंतींच्या घरात हा शेवटचा खर्च टाळू नये.

सौर बंबाचा विचार झाला होता. छताच्या बाजूने दोन माड झुकलेले, वर वानरांची ये-जा. काचेच्या नळ्या एक पावसाळासुद्धा टिकल्या नसत्या.

न्हाणीघरात शॉवर असला तरी बादली, तांब्या आणि बसायला एक उंच प्लास्टिकचं स्टूल हवंच. आपल्याकडची निम्मी मंडळी शॉवरखाली आंघोळ झाल्यासारखं मानतच नाहीत. कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा, जमिनीपासून ३० इंचांवर. तो चिऱ्याच्या भिंतीत साध्या प्लास्टिक गिट्टीने बसत नाही. जांभा सच्छिद्र, वजन पडलं की गिट्टी भुगा होऊन बाहेर येते. आरपार बोल्ट किंवा रासायनिक अँकर लागतो. टॉवेलची दांडी निघून आली तर हसण्यावारी जाईल, आधाराचा दांडा निघाला तर आजी खाली पडतील.

दिवसभर: वाळू

पहिल्या हंगामात तीन आठवड्यांत दोन्ही न्हाण्या तुंबल्या. प्लंबरने ट्रॅपमधून घमेलंभर वाळू काढली. सहा माणसं दिवसातून दोनदा समुद्रावर जाणार आणि पाय आत येऊन धुणार, दुसरं काय होणार?

उपाय अंगणात आहे. फाटकातून ओटीकडे येतानाच्या वाटेवर, चुकवताच येणार नाही अशा जागी, तीन फूट बाय तीन फुटांची खरबरीत फरशी टाकली, उतार एका कोपऱ्याकडे. दोन नळ: एक दीड फुटावर पायांसाठी, एक सात फुटांवर शॉवर. शेजारी चपला काढायला १६ इंच उंचीचा बाक. पाणी आधी एका गाळखड्ड्यात जातं, एक फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट खोल. वाळू तळाशी बसते आणि वरचं पाणी माडाच्या आळ्यात जातं. खड्डा पंधरवड्यातून एकदा उपसायचा. या शॉवरला साबण ठेवू नये, नाहीतर तेच न्हाणीघर होतं आणि फेस आळ्यात.

नळ बसवला तरी लोक तिथे न थांबता थेट आत शिरत, कारण अंग पुसायला काही नव्हतं. बाकावर लोखंडी नव्हे, लाकडी खुंट्या ठोकून गडद निळे पातळ पंचे टांगले. त्या दिवसापासून पांढऱ्या टॉवेलांवरचे वाळूचे आणि लाल मातीचे डाग जवळजवळ थांबले. सूचनेची पाटी लावून जे झालं नाही ते पंच्यांनी केलं.

ओल्या कपड्यांसाठी दोरी हवी, आणि ती छपराखाली हवी. मागच्या पडवीत दहा मीटर नायलॉनची दोरी आणि तीस चिमटे. दोरी नसेल तर खारे ओले कपडे खुर्चीच्या पाठीवर, पलंगाच्या कडेवर, पंख्याखाली गादीवर पसरतात आणि लाकडावर पांढरे वळ उठतात.

ओल

कोकणातल्या घराची सजावट शेवटी ओलीशी आणि खाऱ्या हवेशी येऊन भिडते. शहरातल्या दुकानातला सल्ला इथे चालत नाही.

बंद कप्प्याचे पलंग हे पहिलं उदाहरण. वर आठ इंची गादी, खाली प्लायवूडचं सलग फळकुट, त्याखाली हवाबंद पेटी. माणसाच्या अंगाचा घाम आणि हवेतली ओल गादीतून खाली उतरते, प्लायवर अडते आणि तिथेच राहते. ऑक्टोबरात गादी उलटली तेव्हा खालच्या कापडावर काळ्या ठिपक्यांची पत्रावळ उमटली होती. खोलीला येणारा ‘बंद घराचा वास’ तो हाच. मालकांनी आधी सुगंधी फवारे आणले होते. फवाऱ्याने फक्त वासावर वास चढतो.

नवे पलंग गावातल्या सुताराने केले. मोकळे पाय, खाली बारा इंच जागा, झाडू आणि वारा दोन्ही जातील इतकी. फळ्या अडीच इंचांच्या फटी सोडून. गादी पाच इंचांची रबर लावलेल्या काथ्याची, वर इंचभर फोम. ती स्प्रिंगपेक्षा कडक, पण हवा खेळते, आणि पाठदुखीवाल्या पाहुण्यांची तक्रार आपोआप गेली. जमिनीपासून मोजत गादीच्या माथ्यापर्यंत उंची १९ इंच. गादीवर जलरोधक आवरण घ्यायचं ते वर सुती टॉवेलसारखं कापड असलेलं. नुसत्या प्लास्टिकचं स्वस्त आवरण कुशीवर वळताना कुरकुरतं आणि मे महिन्यात पाठ भिजवतं.

पार्टिकल बोर्डाची कपाटं खालून फुगली. कारण पाऊस नव्हता, रोजची ओली फरशी पुसणं होतं. कुठलंही लाकडी सामान चार इंच पायांवर आणि भिंतीपासून दोन इंच दूर हवं, वाळवीची माती चढायला लागली तर डोळ्याला दिसते. आंबा आणि फणसाचं लाकूड इथे स्वस्त मिळतं. फणस बरा. आंब्याला कीड पटकन लागते.

लोखंडाबद्दल: पावडर कोटिंगचे पाइपचे पलंग बाहेरून छान राहतात आणि वेल्डिंगच्या जागी आतून कुजतात. बिजागऱ्या, कड्या, स्क्रू ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळी. समुद्राकडे तोंड असलेल्या बाजूला ३०४ वरही तपकिरी ठिपके येतात, तिथे ३१६ घ्यावं. एसीचं बाहेरचं यंत्र समुद्राकडे पाठ करून, कौलाच्या सावलीत, आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवायचं.

उघडा चिरा. फोटोत त्याच्याइतकं देखणं काही नाही. पण चिरा रंग सोडतो. पलंगाला टेकून बसलेल्या माणसाचा सदरा आणि उशीची खोळ मागून लाल होते. पांढऱ्या खोळी दहा-बारा धुण्यांत गुलाबी झाल्या. भिंतीवर रंगहीन जलरोधकाचे दोन हात दिले आणि पलंगामागे तीन फूट उंच फळीची पाठ उभी केली. पाठ केली नसती तर नुसत्या जलरोधकाने भागलं नसतं.

टॉवेलांत सर्वांत जास्त पैसे वाया गेले असतील. ६५० जीएसएमचा (चौरस मीटरला ६५० ग्रॅम), ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल कोरडा असताना पाऊण किलोच्या आसपास भरतो. सहा टॉवेल म्हणजे सव्वाचार-साडेचार किलो, वहिनींच्या सात किलोच्या मशीनची एक फेरी त्यातच जाते. जूनच्या हवेत ते दुसऱ्या दिवशीही दमट, आणि दमट घडी केली की आंबूस. ४५० जीएसएमचा टॉवेल अर्धा किलो, उन्हात दोन-तीन तासांत खडखडीत. पाहुण्याला जाड टॉवेल आवडतो, पण वास न येणारा टॉवेल त्याहून आवडतो.

चादरींचे पलंगामागे तीन संच: एक पलंगावर, एक दोरीवर, एक कपाटात. लागोपाठ बुकिंग असेल आणि पाऊस असेल तर चौथा. पांढऱ्याच घ्याव्यात. डाग दिसतात म्हणूनच घ्याव्यात, दिसला की काढता येतो. रंगीत चादर स्वच्छ आहे यावर पाहुण्याचा विश्वास बसत नाही. ७२ बाय ७८ इंचांच्या गादीला चादर १०८ इंच चौरस, म्हणजे चारही बाजूंनी पोटाखाली दुमडून मुलांच्या उड्यांना टिकते. माजघरातल्या दोन गाद्यांना मात्र रंगीत, चौकड्यांच्या सोलापुरी चादरी दिल्या आणि त्या सगळ्यांनाच आवडतात.

वीज गेलेली दुपार, आणि रात्र

इन्व्हर्टर होता, बॅटरी १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांची, तरी अडीच-तीन तासांत मान टाकायची. चार साधे पंखे ३०० वॅट, सात दिवे ६३, वायफायचा डबा १२. एकूण ३७५. बॅटरीवर लिहिलेले १८०० वॅट-तास प्रत्यक्षात मिळत नाहीत. इन्व्हर्टरमधली गळती आणि पूर्ण न उतरवण्याची शिस्त धरली की हजारेक उरतात. दुसरी बॅटरी आणण्याऐवजी पंखे बदलले. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा पूर्ण वेगावर ३० वॅटच्या आसपास घेतो. एकूण मागणी १९५ वर आली, वेळ पाच तासांवर गेली. या पंख्यांची एकच कटकट, रिमोट. मुलं तो पळवतात. भिंतीवर खोबण करून रिमोट जाड सुतळीने बांधला आहे. दिसतं विचित्र, पण हरवत नाही.

पत्र्याखालची मागची खोली दुपारी भट्टी व्हायची, वीज गेली की एसीही नाही. तिथे पत्र्याखाली फूटभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्याचं छत टांगलं, दोन्ही टोकांना जाळी, म्हणजे मधली गरम हवा निघून जाते. काचलोकराचं अस्तर टाळलं. पत्र्याला आतून दव धरतं, ते लोकरीत मुरतं आणि पुन्हा बुरशी.

दिवे बदलताना सगळ्या पांढऱ्या ट्यूब काढल्या, खोल्या रेशन दुकानासारख्या दिसत होत्या. आता २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर दिवे, स्वयंपाकघर आणि आरसा सोडून. संडासच्या वाटेवर गुडघ्याच्या उंचीचा अर्ध्या वॅटचा रात्रदिवा. ओटीवरचा दिवा झाकणाचा, प्रकाश खालीच पडेल असा, आणि समुद्राच्या दिशेचा मोठा फोकस कायमचा काढला. पिवळ्या दिव्याला किडे कमी येतात हा एक फायदा. दुसरं कारण कासवांचं: वाळूतून निघालेली पिल्लं उजेडाकडे चालतात आणि किनाऱ्यालगतचे झगझगीत दिवे त्यांची वाट चुकवतात. ज्यांच्यासाठी पाहुणे येतात त्यांनाच भलतीकडे नेणारा दिवा कशाला ठेवायचा?

खिडक्यांना स्टेनलेस जाळी आहे, तरी दोन्ही पलंगांवर मच्छरदाणीच्या कड्या ठेवल्या. शहरातली मुलं मच्छरदाणीत झोपायला मिळतं म्हणून खूश असतात. प्रत्येक खोलीत एक टॉर्च, दाराशी सूचना: रात्री अंगणात टॉर्चशिवाय जाऊ नये, चपला झटकून घालाव्यात. खाली १०८ आणि ११२, वहिनींचा क्रमांक, जवळच्या सरकारी दवाखान्याची वाट.

ओटीवरचा झोपाळा सर्वांत लाडका, म्हणून सर्वांत दुर्लक्षित. चार मोठी माणसं बसली की तीनशे किलो, त्यात झोके. भालाला, म्हणजे वरच्या आडव्या तुळईला, अडकवलेल्या आकड्याची आणि कडीची जाडी एकमेकींना घासतात तिथेच मोजायची, बाजूला नाही. मूळ १६ मिलिमीटरची कडी तिथे झिजून १२ वर आली तर तिचा छेद निम्म्याच्या जरा वर उरतो. या घरात मागची डावी कडी १२ वर आली होती आणि कुणाला पत्ता नव्हता. चारही बदलल्या. कुरकुर थांबवायला खोबरेल घालायची जुनी सवय बंद केली, त्याने मुंग्या येतात आणि वाळू चिकटते. ग्रीस पुरतं. पाटाच्या पुढे-मागे भिंतीपासून किमान अडीच फूट मोकळे हवेत, मुलांचे गुडघे तिथेच फुटतात.

स्वयंपाकघर आणि देवघर

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो. पाहुणे तिथून सुरमई, पापलेट, कोळंबी घेऊन येतात आणि तळायची हौस दांडगी. स्वयंपाकघर मात्र मालकांच्या आईचं, शेजारी देवघर. पहिल्या हंगामात ‘मांसाहार नको’ अशी पाटी होती. पाहुणे तरीही करत, लपवून, आणि कोळंबीची सालं मोरीत सोडत.

आता मागच्या पडवीत वेगळा ओटा आहे: दोन शेगड्या, सिंक, काळा बिडाचा तवा, मासे कापायची वेगळी सुरी आणि पाट, हात धुवायला लिंबू-मीठ. आतली भांडी फक्त शाकाहारी, पडवीतली कशालाही. पडवीतल्या भांड्यांच्या मुठींना लाल दोरा बांधला आहे, सांगायची गरज पडत नाही. देवघराला जाळीचं दोन झडपांचं दार आहे, बंद असलं तरी आत दिवा दिसतो. सिलिंडर व्यावसायिक घेतला, भाड्याच्या घरात घरगुती लाल सिलिंडर वापरता येत नाही. राज्याच्या पर्यटन खात्याच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदणी केली. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची, हे वहिनींच्या मुलाकडे सोपवलं आहे.

सहा माणसांना ताटं-वाट्या-पेले दहा-दहा, म्हणजे दिवसातून एकदाच घासली तरी चालतं. तीन आणि पाच लिटरचे कुकर, मोठं पातेलं, कढई, पोळपाट-लाटणं, सांडशी, चहाचं गाळणं, खवणी. खवणी विसरू नये. आगरातला नारळ हातात आहे आणि खवायला काही नाही, यावर एका पाहुण्याने चांगल्या दहा ओळी लिहिल्या होत्या. चहा, साखर, मीठ, तेल, दूध पावडर आणि कांदे-बटाटे पहिल्या दिवसापुरते ठेवलेले असतात. पहाटे पाचला कासवांना जाणाऱ्या माणसाला दुकान उघडं सापडत नाही.

जूनमध्ये घर मिटताना

जूनच्या मध्यापासून गणपती होईपर्यंत बुकिंग बंद. मिटण्याची पद्धत ठरलेली. गाद्या भिंतीला लावून उभ्या, आवरणं काढून. चादरी-टॉवेल कडक उन्हाच्या शेवटच्या आठवड्यात वाळवून, कडुनिंबाचा पाला आणि कापूर घालून पत्र्याच्या पेटीत. गीझर रिकामे. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर. पडदे जमिनीपासून दोन इंच वर गुंडाळून. आठवड्यातून दोनदा वहिनी दारं उघडून दोन तास पंखे लावतात. एखाद्या आठवड्यात राहिलं तर ओटीलगतच्या खोलीत लगेच जाणवतं.

मागच्या खोलीचा पत्रा मात्र अजून तसाच आहे. ऊन तट्ट्याने थोपवलं, आवाज नाही. वळवाची सर आली की खोलीत बोललेलं ऐकू येत नाही. मे अखेरीस येणाऱ्यांत निम्मे त्यावर खूश असतात, निम्मे रात्री माजघरात येऊन झोपतात. पुन्हा कौलं घालायची तर वासे आणि रिपा बदलाव्या लागतील, आणि वानरं कौलं सरकवतात तेव्हा दर पावसाळ्याआधी छपरावर चढून शाकारणी करणारा माणूस लागेल. वाडीत तसे दोनच उरलेत, दोघेही पन्नाशीपुढचे. तूर्त माजघरात एक जादा गादी ठेवली आहे आणि बुकिंग घेताना पत्र्याचं आधी सांगून टाकतात.